खाद्यपदार्थांचीं छायाचित्रें : स्वामित्व आणि परवाना यांचा इतिहास

१. विषयप्रवेश

ताम्रपट हातीं आला म्हणजे त्यांत दिलेलें गांव हातीं आलें, असें कोणी समजत नाहीं. पोथी विकत घेणारास पोथी मिळते. तींतील ग्रंथावर त्याची सत्ता चालत नाहीं. वस्तु निराळी आणि वस्तूच्या आश्रयानें राहणारें स्वत्व निराळें, हा भेद जुन्या कागदपत्रांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु छायाचित्राच्या बाबतींत हाच भेद सुशिक्षितांच्याही ध्यानीं राहत नाहीं. खाणावळवाला, मिठाईवाला किंवा मसाल्याचा कारखानदार आपल्या पदार्थांचीं छायाचित्रें व्यावसायिक छायाचित्रकाराकडून काढवून घेतो, ठरलेली रक्कम देतो, आणि तीं चित्रें हवीं तेथें व हवीं तितकीं वर्षें छापण्यास आपण मुखत्यार झालों असें मानतो. छायाचित्रकार म्हणतो कीं, आपण प्रतिमा विकली नाहीं, ती वापरण्याचा परवाना तेवढा दिला. दोघेही प्रामाणिक असतात, आणि दोघांच्याही बाजूस कोणत्या तरी देशाचा कायदा असतो. हा विरोध कोठून उत्पन्न झाला व आपल्या देशांत त्याचा निर्णय कसा लागतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभीं तीन शब्दांचे अर्थ निश्चित केले पाहिजेत. वस्तु म्हणजे कागदावरील ठसा, कांच, फिल्म किंवा हल्लीं संगणकांत साठविलेली फाइल. स्वामित्व म्हणजे त्या प्रतिमेच्या प्रती काढण्याचा व इतरांस तसें करण्यापासून वारण्याचा हक्क. यासच कॉपीराइट म्हणतात. परवाना म्हणजे स्वामित्व आपल्याकडे राखून दुसऱ्यास ठराविक उपयोगापुरती दिलेली अनुज्ञा. शेताच्या भाषेंत बोलावयाचें तर खरेदीखतानें स्वामित्व जातें, कौलानें केवळ वहिवाट मिळते. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंतील दायविभागाच्या प्रकरणांत, स्वत्व हें केवळ शास्त्रावरून कळणारें नसून लौकिक, म्हणजे लोकव्यवहारानें सिद्ध होणारें आहे, असा सिद्धांत केला आहे. प्रतिमेच्या स्वामित्वाचा इतिहास हें त्या सिद्धांताचें उत्तम उदाहरण होय. येथें व्यवहार आधीं आला, कायदा मागून आला. आणि व्यवहार पालटल्यावरही कायदा कांहीं देशांत जागचा हलला नाहीं.

२. करविणारा आणि करणारा

छायाचित्रणापूर्वीं हा प्रश्न क्वचितच उपस्थित होई. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, अन्नभोगाचें जें सविस्तर वर्णन आहे तें शब्दांनीं केलेलें आहे. पुढें सुमारें साडेतीन शतकांनीं मांडूचा सुलतान घियासशाह (राज्यकाल १४६९–१५००) याच्यासाठीं निअमतनामा हा सचित्र पाकग्रंथ सिद्ध होऊं लागला व त्याचा पुत्र नासिरशाह याच्या कारकीर्दींत तो पुरा झाला. त्यांत सुमारें ५० चित्रें आहेत. पदार्थ तयार होत आहेत व सुलतान जवळ बसून पाहत आहे, असे प्रसंग त्यांत वारंवार येतात. ही पोथी आज लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत आहे. ज्याच्या मुदपाकखान्यांत अन्न शिजलें त्याच्याच पदरच्या चिताऱ्यांनीं तें रंगविलें, आणि पोथीही त्याच्याच कोठींत राहिली. चित्राची दुसरी प्रत काढावयाची तर पुनः तितकेच हात राबवावे लागत. म्हणून वस्तूचा धनी तोच प्रतिमेचा धनी, असें समजल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें.

एका मूळ ठशावरून हव्या तितक्या प्रती निघूं लागल्या तेव्हां ही स्थिति पालटली. दागेर याची कृति १८३९ मध्यें जाहीर झाली. परंतु तिच्या योगानें एका वेळीं एकच प्रतिमा मिळे. इंग्लंडांतील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याच्या कृतींत आधीं उलटी प्रतिमा तयार होई व तिजवरून कागदावर अनेक सुलट प्रती निघत. त्यानें १८४४ ते १८४६ या काळांत 'द पेन्सिल ऑफ नेचर' हें पुस्तक भागशः प्रसिद्ध केलें. त्यांत टोपल्यांत रचलेल्या फळांचें एक छायाचित्र आहे, आणि खाद्यवस्तूंच्या अगदीं आरंभींच्या छायाचित्रांत त्याची गणना होते.

याच टॅल्बटनें १८४१ मध्यें आपल्या कृतीचें पेटंट घेतलें होतें. त्या कृतीनें धंदा करूं इच्छिणारास त्याच्याकडून परवाना घ्यावा लागे व त्याबद्दल रक्कम भरावी लागे. १८५४ मध्यें त्यानें लारोश नांवाच्या छायाचित्रकारावर फिर्याद केली. कृतीचा पहिला शोधक टॅल्बटच, परंतु प्रतिवादीची कलोडियनची कृति निराळी असल्यामुळें हक्कभंग झाला नाहीं, असा निर्णय पंचांनीं दिला. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, छायाचित्रणाच्या धंद्यांत परवाना हा शब्द प्रथम शिरला तो कृतीसंबंधानें. प्रतिमेचें स्वामित्व कोणाचें, हा प्रश्न त्यानंतर कायद्यापुढें आला.

३. इ. स. १८६२ चा नियम

त्या प्रश्नास पहिलें स्पष्ट उत्तर ब्रिटिश पार्लमेंटनें १८६२ च्या ललितकलाविषयक स्वामित्वाच्या कायद्यांत दिलें. रंगचित्र, रेखाचित्र व छायाचित्र यांच्या कर्त्यास हयातभर आणि त्यापुढें ७ वर्षें स्वामित्व मिळालें. परंतु त्यासच एक अपवाद जोडला होता. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठीं केलेल्या कृतीचें स्वामित्व, कर्त्यानें तें सहीच्या लेखानें स्वतःकडे राखून ठेविलें नसेल तर, काम सांगणाराकडे जाई. दाव्यापूर्वीं स्टेशनर्स हॉल येथील वहींत नोंद असणेंही अवश्य होतें.

या अपवादाचें मर्म त्या काळच्या धंद्यांत शोधलें पाहिजे. छायाचित्रकारांचा मुख्य व्यवसाय माणसांच्या चेहऱ्यांचा होता. आपण पैसे देऊन काढविलेली आपल्या पत्नीची किंवा कन्येची तसबीर छायाचित्रकारानें परस्पर बाजारांत विकावी, ही कल्पना कोणासही असह्य वाटणारी आहे. पैसे देणारा तोच धनी, या नियमाचें समर्थन चेहऱ्याच्या बाबतींत आपोआप होतें.

हा विषय किती नाजूक होता हें दोन खटल्यांवरून दिसतें. १८८३ च्या नॉटेज विरुद्ध जॅक्सन या खटल्यांत ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूंच्या छायाचित्राचा वाद होता. ज्या पेढीनें आपला नोकर पाठवून तें काढविलें तिचे मालक 'कर्ते' ठरूं शकत नाहींत, असें अपील कोर्टानें ठरविलें. दुसरा खटला १८८८ चा. पोलार्ड नांवाच्या बाईंनीं आपली प्रतिमा काढविली होती, आणि छायाचित्रकारानें तिचें नाताळचें भेटकार्ड करून तें दुकानांत मांडलें. स्वामित्वाची नोंद झालेली नसल्यामुळें त्या बाजूनें दाद मिळण्यासारखी नव्हती. तथापि कांच छायाचित्रकाराजवळ राहिली तरी ती ज्या कामासाठीं दिली त्याबाहेर न वापरण्याचा करार या व्यवहारांत गृहीतच आहे, असें म्हणून न्यायमूर्तींनीं मनाईहुकूम दिला. वस्तु एकाच्या हातीं व तिच्या उपयोगाचा अधिकार दुसऱ्याच्या हातीं, हें तत्त्व येथें स्पष्टपणें पुढें आलें.

अमेरिकेंत छायाचित्रांस कायद्याचें संरक्षण १८६५ मध्यें मिळालें. ऑस्कर वाइल्ड याच्या सॅरोनीकृत छायाचित्राच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८८४ मध्यें असा निर्णय दिला कीं, बैठक, वस्त्रें, प्रकाश यांची योजना करणारा छायाचित्रकार हा खरोखर कर्ता होय. पुढें १९०३ मध्यें सर्कशीच्या जाहिरातींच्या चित्रांसंबंधानें, चित्र जाहिरातीसाठीं काढलें एवढ्यानेंच त्याचें संरक्षण जात नाहीं, असेंही ठरलें. ताटांतील वाफ, तुपाची धार आणि केळीच्या पानावरील प्रकाश हीं साधण्यासाठीं जो छायाचित्रकार तासन् तास खपतो, त्याच्या दृष्टीनें हे दोन निर्णय महत्त्वाचे आहेत.

४. भारतांतील नियम

आपल्या देशांतील १८४७ चा विसावा कायदा मुख्यतः ग्रंथांपुरता होता. १८६२ चा ब्रिटिश कायदाही युनायटेड किंग्डमबाहेर चालत नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलानें १९०३ मध्यें कॅनडांतील एका अपिलांत ठरविलें. साम्राज्यास लागू होणारा कायदा १९११ मध्यें झाला. तो १९१२ मध्यें येथें अंमलांत आला, आणि १९१४ च्या तिसऱ्या कायद्यानें त्यास भारतीय स्वरूप दिलें. त्यांत १८६२ चें तत्त्व कायम राहिलें. मोबदला देऊन सांगितलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, उलट करार नसेल तर, काम सांगणारा. छायाचित्राची मुदत मूळ उलटी प्रतिमा तयार झाल्यापासून ५० वर्षें होती.

स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कायदा झाला व तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलांत आला. त्यांत छायाचित्र काढणारी व्यक्ति हाच कर्ता, अशी व्याख्या आली. परंतु १७ व्या कलमाच्या (ब) खंडांत जुना नियम तसाच उतरला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदल्यासाठीं काढलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, उलट करार नसेल तर, सांगणारा होय. म्हणजे कर्ता एक आणि प्रथम स्वामी दुसरा. छायाचित्रकार पगारी नोकर असेल तर (क) खंडान्वयें, पुनः उलट करार नसल्यास, स्वामित्व धन्याकडे जातें. मुदतींत मात्र फेर झाले. प्रसिद्धीपासून ५० वर्षें होतीं तीं १९९२ च्या दुरुस्तीनें ६० झालीं; २०१२ मध्यें छायाचित्रांचें निराळें कलमच काढून टाकल्यामुळें आतां कर्त्याची हयात व त्यापुढें ६० वर्षें हा सर्वसाधारण नियम त्यांस लागतो.

५. इंग्लंडनें नियम सोडला

ज्या देशांतून हा नियम आपल्याकडे आला त्यानें तो पुढें टाकून दिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी प्रसिद्ध नाहीं. १९५६ च्या ब्रिटिश कायद्यांत तो होता. १९८८ चा कायदा १ ऑगस्ट १९८९ पासून अंमलांत आला आणि त्यानें स्वामित्व सरळ छायाचित्रकाराकडे दिलें. घरगुती व खासगी कामासाठीं काढविलेल्या प्रतिमा परस्पर प्रसिद्ध होऊं नयेत, हा काढविणाराचा हक्क मात्र निराळ्या कलमानें राखला. चेहऱ्याची लाज आणि प्रतिमेचें धन हीं दोन येथें प्रथमच वेगळीं झालीं. ऑस्ट्रेलियानें १९९८ मध्यें हा नियम खासगी व घरगुती छायाचित्रांपुरता आंखडला. कॅनडानें २०१२ मध्यें तो रद्द केला. अमेरिकेंतही १९७६ च्या कायद्याप्रमाणें स्वतंत्र छायाचित्रकारानें केलेलें काम सामान्यतः त्याचेंच राहतें. ग्राहकाकडे जावयाचें तर कायद्यांत सांगितलेल्या प्रकारांत तें बसावें लागतें व लेख व्हावा लागतो, नाहीं तर स्वामित्वच लेखानें विकत घ्यावें लागतें.

यावरून आरंभीं सांगितलेल्या विरोधाचा उलगडा होतो. तिकडील छायाचित्रकार परवाना देतो, कारण स्वामित्व मुळांतच त्याचें असतें. आपल्याकडील छायाचित्रकार तिकडचे छापील नमुने घेऊन परवान्याची भाषा बोलतो; परंतु सांगून काढविलेल्या चित्राच्या बाबतींत, करारानें तें प्रथम त्याच्याकडे ठेविलेलें नसेल तर, परवाना देण्याजोगें त्याच्यापाशीं कांहीं राहतच नाहीं. जें आपलें नाहीं तें दुसऱ्यास कौलानें देतां येत नाहीं. तसबिरींतील कुलीन स्त्रीच्या रक्षणासाठीं शोभणारा नियम येणेंप्रमाणें पुरणपोळीच्या चित्रास लागू होऊन बसला आहे. पुरणपोळीस लाज नाहीं. म्हणून हा नियम येथें न्याय्य आहे कीं नाहीं, याविषयीं आम्हांस शंका आहे. परंतु कायदा आज असा आहे, आणि तो जाणूनच व्यवहार केला पाहिजे.

दोन मर्यादा मात्र सांगितल्या पाहिजेत. छायाचित्रकारानें आधींच स्वतःहून काढून ठेविलेलें चित्र दुकानदारानें निवडलें, तर तें त्याच्या सांगण्यावरून काढलेलें नव्हे. तेथें स्वामित्व छायाचित्रकाराचें व दुकानदारास परवानाच. तसेंच, काम जाहिरात-संस्थेनें आपल्या नांवें सांगितलें असेल, तर सांगणारा कोण, संस्था कीं दुकानदार, हाच वादाचा विषय होऊं शकतो.

६. दोन कागदांचें वाचन

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें मिठाईचें दुकान आहे. त्यानें आमच्यापुढें दोन कागद ठेविले. पहिला, छायाचित्रकाराचें अंदाजपत्रक. त्याच्या तळाशीं बारीक इंग्रजी टाइपांत असें होतें कीं, सर्व हक्क छायाचित्रकाराचे, आणि चित्रांचा उपयोग पदार्थांचें दरपत्रक व दुकानांतील पाटी यांपुरता, एक वर्ष. त्यावर दुकानदाराची सही नाहीं. दुसरा कागद बिलाचा. त्यांत 'छायाचित्रें, नग २४' एवढेंच लिहून रक्कम पावल्याची सही आहे. पुढें दुकानदारानें त्यांतील पेढ्यांचें चित्र खोक्यांवर छापलें, आणि छायाचित्रकारानें निराळी रक्कम मागितली.

केवळ बिल पाहिलें तर १७ व्या कलमान्वयें दुकानदार प्रथम स्वामी ठरतो व मागणी निराधार होते. परंतु अंदाजपत्रक मिळाल्यावर दुकानदारानें दूरध्वनियंत्रावर एक ओळ लिहून पाठविली होती : 'ठीक आहे, मंगळवारीं या.' या एका ओळीनें अंदाजपत्रकांतील अटी मान्य झाल्या असें म्हणण्यास जागा होते. आणि तसें झालें असेल तर उलट करार सिद्ध होऊन दुकानदाराच्या हातीं एक वर्षाचा, दोन उपयोगांचा परवाना तेवढा उरतो. उलट करार लेखीच हवा असें १७ व्या कलमांत म्हटलेलें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. ज्यांनीं एका निरोपाच्या चिठ्ठीवरून वतनाच्या वादाचें पारडें फिरलेलें पाहिलें आहे, त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं. या प्रकरणीं दोघांनीं कोर्टाची पायरी न चढतां तिसरा कागद केला, त्यांत खोक्यांचा उपयोग व ५ वर्षांची मुदत घातली, आणि दोघांनीं सह्या केल्या. पहिल्या दिवशीं करावयाचें काम तें वर्षानंतर झालें, एवढेंच.

७. परवान्याचें लेखन

परवाना कसा लिहावा हें शिकण्यास आमच्या मतें आपले ताम्रपट व सनदा पुरेशा आहेत. भूमीचें दान केलें म्हणजे लेख करून ठेवावा व त्यांत दात्याचें नांव, दानाचें परिमाण, मुद्रा व काळ हीं यावीं, असें याज्ञवल्क्यानें सांगितलें आहे. प्रतिमेच्या लेखांतही हींच अंगें हवींत.

पहिलें अंग दाता व प्रतिग्रहीता. घरपोंच जेवण पोंचविणाऱ्या कंपन्या आपल्या यादींत चित्र घेतांना तें वापरण्याची अनुज्ञा सामान्यतः दुकानदाराकडूनच मागतात. दुकानदारास स्वतःला केवळ परवाना असेल, तर तो पुढें दुसऱ्यास देण्याची मोकळीक त्या परवान्यांत लिहिलेली असली पाहिजे. शाखा चालविणाऱ्या भागीदारांसही हेंच लागू आहे.

दुसरें अंग चतुःसीमा. ताम्रपटांत चारी दिशांच्या हद्दी असतात. येथें प्रदेश लिहावा. तो न लिहिल्यास १९ व्या कलमाप्रमाणें भारतापुरताच समजला जातो. मसाल्याचा डबा दुबईस किंवा लंडनला जावयाचा असेल तर हें मौन महाग पडतें.

तिसरें अंग काळ. दानपत्रांत आचंद्रार्क म्हणत. येथें मुदत न लिहिल्यास कायदा ५ वर्षेंच धरतो. मिळालेला हक्क एक वर्षाच्या आंत वापरला नाहीं, तर लेखांत निराळें म्हटलेलें नसल्यास तोही लोपतो. हे नियम १९९४ च्या दुरुस्तीनें आले. ते स्वामित्वाच्या हस्तांतराच्या कलमांत असले तरी ३०-अ कलमानें परवान्यासही योग्य त्या फेरफारानें लागतात.

चवथें अंग उपभोगाचे प्रकार. दरपत्रक, पाटी, खोकें, वर्तमानपत्र, रस्त्यावरील फलक, संकेतस्थळ, हे निरनिराळे उपयोग होत व प्रत्येकाची किंमत निराळी असते. हाच परवाना दुसऱ्यासही देतां येईल कीं नाहीं, तेंही येथेंच लिहावें. नाहीं तर आपल्या जिलबीचें चित्र शेजारच्या पेठेंत दुसऱ्याच्या पाटीवर दिसूं शकतें.

मराठेशाहीच्या सनदांत 'कुलबाब कुलकानू, हल्लीं पट्टी व पेस्तर पट्टी' असे शब्द येतात. पेस्तर पट्टी म्हणजे पुढें बसेल ती पट्टी. ती न लिहिली तर पुढें तंटा होई, म्हणून लिहिणारे कारकून ती विसरत नसत. २०१२ च्या दुरुस्तीनें १८ व्या कलमांत नेमका हाच विचार आला आहे. हस्तांतराच्या वेळीं जें माध्यम अस्तित्वांत नव्हतें किंवा धंद्यांत रूढ नव्हतें, त्यास तें हस्तांतर, स्पष्ट उल्लेखावांचून, लागू होत नाहीं. पेस्तर माध्यमें हवीं असतील तर पेस्तर असें लिहावेंच लागतें.

याखेरीज एक गोष्ट अशी आहे कीं, ती कोणत्याही खरेदीखतानें जात नाहीं. ५७ व्या कलमान्वयें, स्वामित्व दुसऱ्याचें झालें तरी, आपण कर्ता आहोंत असें सांगण्याचा व आपल्या कीर्तीस बाध येईल अशा विकृतीस हरकत घेण्याचा हक्क छायाचित्रकाराजवळ राहतो. देवालय यजमानाचें झालें तरी स्थपतीचें नांव शिलालेखांत राहतें, तसेंच हें आहे.

८. उपसंहार

एकंदर विचाराचें सार असें. सांगून काढविलेल्या छायाचित्राचा धनी आपल्याकडे, उलट करार नसेल तर, पैसे देणारा होय. हा नियम १८६२ च्या ब्रिटिश कायद्यापर्यंत मागें जातो, तो चेहऱ्यांच्या प्रतिमांस शोभणारा आहे, आणि त्याच्या मूळ देशांत तो १९८९ पासून उरलेला नाहीं. म्हणून परदेशी नमुन्यावर विसंबणारा छायाचित्रकार व केवळ पावतीवर विसंबणारा दुकानदार हे दोघेही सारखेच असुरक्षित आहेत. खऱ्या परवान्याचा व्यवहार करावयाचा असेल तर स्वामित्व प्रथम कोणाचें राहील हें लिहून, मग उपयोग, काळ, प्रदेश व माध्यमें लिहावींत.

संशोधकांनीं व संग्राहकांनीं तर याकडे विशेष लक्ष द्यावें. आमच्यांतील अनेकांनीं पोथ्यांचीं, नाण्यांचीं व शिलालेखांचीं छायाचित्रें पैसे देऊन काढविलीं आहेत, आणि त्यांसही हाच नियम लागू आहे. जुनीं दरपत्रकें, मिठाईच्या खोक्यांवरील चित्रें व खाणावळींच्या जाहिराती आतां संग्रहांत येऊं लागल्या आहेत. त्या पुनः छापावयाच्या झाल्यास त्यांचा धनी कोण हें विचारावें लागेल. तेव्हां चित्राबरोबर त्याचें अंदाजपत्रक, बिल व पत्रव्यवहार हींही जपून ठेवावींत. सनदेवांचून गांवाचा हक्क जसा सांगतां येत नाहीं, तसा या कागदांवांचून चित्राचाही सांगतां येत नाहीं.